कॉन्टेसा घरीच पुन्हा रस्त्यावर आणायचीय? मग आधी पत्रा बघा

आमचं गॅरेज ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं आणि इंजिनचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना गाडी आमच्याकडे सोडून जायची नसते, त्यांना ती स्वतःच्या हाताने खोलायची असते, कारण ती वडिलांची असते किंवा लहानपणी मागच्या सीटवर बसून गावाला गेलेले असतात, आणि आमचं म्हणणं आहे की खोलाच. निम्म्याहून जास्त काम घरी होतं. नेरूळच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये होतं, घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतं (सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या). फक्त क्रम चुकवू नका, त्यासाठीच हे पत्रक.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअॅकने मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन घालून जीटीओ काढली, तिथून मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दणकट ताकदीची गाडी, हे प्रकरण गाजलं. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली १९८४ मध्ये, ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सवरून, आणि सुरुवातीला तिच्यात अँबॅसॅडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं जे त्या वजनाला पुरत नव्हतं. नंतर इसुझूचं १.८ लिटरचं आणि पाच गिअर आले, तेव्हा ती खरी पळायला लागली. २००२ ला बंद झाली. ताकदीच्या आकड्यात ती जीटीओच्या जवळपास नाही, पण ते लांब बॉनेट, ती रुंद बसकी चाल आणि मागच्या चाकांना जाणारा जोर, यामुळे लोक तिला आपली मसल कार म्हणतात ते आम्हाला मनापासून पटतं.

आता पत्रा. सगळ्यांना आधी इंजिन चालू करून बघायचं असतं नाहीतर रंग ठरवायचा असतो. आम्हीही पहिल्या गाडीला तेच केलं होतं, इंजिन केलं, चेरी रंग मारला, आणि पहिल्याच पावसाळ्यात मागच्या मडगार्डवर तांदळाएवढे फोड आले, नखाने दाबला की आतून लाल पाणी. रंग चांगला होता, आतला गंज तसाच होता. आपल्याकडे एका बाजूला खाडी, चार महिने पाऊस, आणि गाडी कव्हरखाली उभी म्हणजे आतला ओलावा बाहेर पडतच नाही.

तपासणी घरीच करा, दहा मिनिटांचं काम आहे. फ्रिजवरचं मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळा आणि चाकांच्या कमानीवरून, दारांच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे, पत्रा कमी आहे किंवा नाहीच. मग दाराखालचा तो पोकळ पट्टा, त्याला आम्ही सिल म्हणतो, त्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टण्ण वाजतो. कुजलेला भद्द वाजतो, आणि आतून भुगा पडल्याची सरसर ऐकू येते. सिलच्या खाली पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यात तार घालून बघा, वर्षानुवर्षांची माती बुचासारखी बसलेली असते आणि पत्रा खाल्ला जातो तो तिथूनच. मॅट उचला, बॅटरीची बैठक बघा, डिकीत स्टेपनीच्या खाली बघा. हे सगळं बघितल्याशिवाय आम्ही खर्चाचा आकडा सांगत नाही, आणि फोटोवरून कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

खोलताना प्रत्येक बोल्टला घर द्या. श्रीखंडाचे रिकामे डबे सगळ्यात बेस्ट, झाकणावर मास्किंग टेप लावून लिहायचं, ‘डावं दार, वरची बिजागरी, ४ बोल्ट’, आणि खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो. आठ महिन्यांनी जोडताना आठवतं असं वाटतं, पण नाही आठवत.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. जुलैत संध्याकाळी घासून ठेवलेला पत्रा सकाळी पिवळट झालेला असतो, म्हणून पत्र्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि मेच्या आत संपवा. इंजिन, सीट, वायरिंग पावसाळ्यात करता येतं.

काही गोष्टी घरी अजिबात करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, खाली स्टँड लावलेच पाहिजेत, विटा नाही चालणार. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला वेल्डिंग करू नका, आतली वाफच पेट घेते. जुन्या ब्रेक शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टू-के रंगाचा (हार्डनर मिसळून मारायचा रंग) फवारा फुफ्फुसांना फार वाईट, त्याला बूथ, म्हणजे रंगाची बंद खोली, आणि हवेचा मास्क लागतो, ते आमच्याकडे द्या. पत्र्याचं सीओटू वेल्डिंग, बोअर (सिलिंडर आतून कापून सारखा करणं), हेडचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) काम, हेही आम्हीच करू. आणि जळकं ऑइल गटारात ओतू नका. गटार खाडीत जातं आणि तिथे फ्लेमिंगो उतरतात. कॅनमध्ये भरून आणून द्या, आम्ही ते परवानाधारक रिसायकलरला देतो.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन सरळ सेल मारून फिरवू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला गोटी पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर थांबा, जोर लावला की पिस्टनची रिंग तुटते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदला, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं. दीड लिटरवाली जुनी गाडी असेल तर हेड खोललंच आहे तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ती इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलसाठी बनलेली, ते २००० साली बंद झालं.

स्पेअरसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड फिरा, जुना पार्ट हातात घेऊनच जा. पुढच्या काचेचं रबर मात्र नवीनच घ्या. बसवलं की मॅट टाकायच्या आधी एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाईपने पाणी मारायचं, पंधरा मिनिटं. थेंब दिसला तर आत्ताच दिसू दे.

कागदपत्रं शेवटी करू असं म्हणू नका. चेसिस नंबर कुठे ठोकलाय ते आधी शोधा, फोटो काढा, तिथे ग्राइंडर किंवा पुट्टी लागू देऊ नका. गाडी एमएच ०४ असो की एमएच ४३, १५ वर्षांनंतर आरसी दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. रंग किंवा इंजिन बदललं तर आरसीवर नोंद हवी. व्हिंटेज नोंदणीचं बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे सगळ्यात पहिल्या कॉन्टेसाचा नंबरसुद्धा २०३४ च्या आधी लागत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत गाडी बघायला आम्ही घरी येतो, त्याचे पैसे घेत नाही. येण्याआधी मॅट उचलून ठेवा, डिकी रिकामी करा, आरसी हाताशी ठेवा आणि गाडीजवळ एक चालू प्लगपॉइंट असू द्या, आमचा दिवा मोठा आहे.