शेवटपर्यंत वाचलं, पण कळलं का?

वाचनवर्गात नाव नोंदवणाऱ्यांसाठी

"शब्द बहुतेक येतात, तरी उतारा डोक्यात शिरत नाही." नवी भाषा शिकणारे आमच्याकडे येतात ते बहुधा हीच तक्रार घेऊन. आम्ही लगेच शब्दांची यादी हातात ठेवत नाही. आधी एक उतारा वाचायला देतो आणि वाचणारा कुठे थांबतो ते बघतो. बरेचजण कुठेच थांबत नाहीत, आणि गोम तिथेच असते.

समजा, मराठी शिकणाऱ्यापुढे ही वाक्यं आहेत: 'गाडी वेळेवर आली असती तर आम्ही आठला पोहोचलो असतो. नाटकाची सुरुवात हुकली ती हुकलीच.' गाडी, वेळ, पोहोचणं हे सगळं त्याला येतं. 'असती'कडे लक्ष गेलं नाही, म्हणून गाडी आली, मंडळी पोहोचली असं चित्र मनात उभं राहतं. मग सुरुवात हुकली कशी? एकजण 'असेल काहीतरी' म्हणून पुढे जातो. दुसरा अडखळतो, मागे येतो आणि 'असती'वर बोट ठेवतो. व्याकरण दोघांचंही कच्चंच. पण आपलं काहीतरी चुकतंय हे दुसऱ्याला कळलं.

आपल्याला समजतंय की नाही यावर स्वतःच ठेवलेल्या या नजरेला मेटाकॉग्निशन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात हा शब्द रूढ केला. ही नजर आपोआप येत नाही. एलेन मार्कमन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांना माशांविषयी एक मजकूर ऐकवला होता: समुद्राच्या तळाशी उजेड नसतो, त्यामुळे रंग दिसत नाहीत, आणि तिथले मासे अन्न ओळखतात ते रंगावरून! अनेक मुलांना यात काही खटकलंच नाही. परक्या भाषेत मोठ्यांचंही असंच होतं, कारण सगळं लक्ष शब्द लावण्यातच खर्ची पडतं. मातृभाषेतला लेख चिकित्सकपणे वाचणारा माणूस इथे निमूट मान डोलावतो.

वर्गात आम्ही वापरतो ती पद्धत अ‍ॅनमरी पॅलिन्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ साली मांडली. छोट्या गटात पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, प्रश्न विचारायचे, अडलेलं सोडवायचं, सार सांगायचं. आणि शिक्षकाची खुर्ची आळीपाळीने प्रत्येकाला. सुरुवातीला शिक्षक स्वतः मोठ्याने वाचतात आणि अडले की तसं सांगतात. विद्यार्थ्यांना ते ऐकून हायसं वाटतं, असा आमचा अनुभव आहे.

सार मात्र पुस्तक मिटूनच सांगायचं. समोर पान असलं की आपल्याला सगळंच आलंय असं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही युक्ती शब्दसंग्रहाची जागा घेत नाही. मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात, असं अभ्यासक मानतात. दर ओळीला दोन-तीन शब्द अडत असतील तर आम्ही आधी सोपा मजकूर देऊ. चांगले वाचक या युक्त्या जास्त वापरतात असं अनेक पाहण्यांत दिसतं. पण युक्त्यांमुळे वाचन सुधारलं की भाषा येते म्हणून युक्त्या जमतात, हे नुसत्या प्रश्नावलीवरून ठरत नाही. 'मी मागे जाऊन पुन्हा वाचतो' यापुढे टिक करायला काय लागतं? म्हणून प्रवेशाच्या वेळी आम्ही फॉर्म भरून न घेता समोर बसवून वाचायला लावतो.

पहिल्या दिवशी तुम्हाला खरोखर वाचायचा होता पण मध्येच सोडून दिलात असा एखादा मजकूर घेऊन या. सोबत पेन्सिल हवी. जिथे गाडं अडलं तिथे समासात प्रश्नचिन्ह करायला. शब्दकोश आणलात तरी चालेल, पहिली वीस मिनिटं तो पिशवीतच राहील.