मोटारसायकलवरील जादा दिवे : नियमांची आणि वायरिंगची पार्श्वभूमी

पौषातल्या पहाटे ग्वाल्हेरहून मुरैन्याच्या रस्त्याला लागलेल्या दुचाकीस्वाराला जादा दिव्यांची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही, इतके त्या दिवसांतले धुके दाट असते. माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळाही याच दिवसांत भरतो. अलीकडे काही वर्षे तेथे वाहनांच्या रस्ताकरात निम्मी सूट मिळाल्यामुळे शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी घरांत नवी मोटारसायकल ऐन धुक्यात येते आणि तिच्यामागोमाग लेग गार्डवर फॉग लाइटही चढतात. ते कसे बसवावेत, या वादामागे जुना इतिहास आहे.

राजदूतसारख्या ६ व्होल्टच्या गाड्यांचा दिवा थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर चाले, त्यामुळे इंजिन मंदावले की प्रकाशही मंदावे. त्यावर दुसरा दिवा जोडला, तर तोच वीजपुरवठा दोघांत वाटला जाऊन दोन्ही दिवे फिके पडत. १२ व्होल्टची बॅटरी आणि हॅलोजन बल्ब आल्यावर जादा दिवे खऱ्या अर्थाने शक्य झाले. परंतु ५५ वॉटचे दोन बल्ब सुमारे ९ अँपिअर ओढतात आणि एवढा प्रवाह हँडलवरच्या लहान बटणातून नेला, की त्याचे संपर्कबिंदू जळतात. म्हणून रिले, म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच, आला. बॅटरीजवळच्या फ्यूजमधून निघालेली जाड वायर ३० क्रमांकाच्या टोकाला आणि दिव्याची वायर ८७ ला जोडायची, तर ८५ आणि ८६ या टोकांमधून केवळ रिलेची कॉइल चालवण्यापुरता बारीक प्रवाह न्यायचा, ही मांडणी आजही बदललेली नाही.

नियमांचा प्रवास मात्र वॉटच्या हिशेबाने झाला नाही. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम समोरच्याच्या डोळ्यापासून सुरू होतो : दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला प्रकाशाने दिपवता कामा नये. १११ वा नियम नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवू देत नाही. मला हे दोन्ही नियम अत्यंत न्याय्य वाटतात, कारण दिवा आपल्यासाठी लावला, तरी त्याचा त्रास समोरून येणाऱ्याला होतो.

या नियमांची खरी कसोटी एलईडीने पाहिली. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला (२०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह मिळाले) आणि त्यातूनच पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला. आता २० वॉटच्या दिव्याला दोन अँपिअरही लागत नाहीत. पण बाजारातल्या अनेक जादा दिव्यांच्या झोताला वरून कापणारी कडच नसते. धुक्यात असा झोत थेंबांवरून परतून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो, म्हणून फॉग लाइट खाली, रुंद आणि चपट्या झोताचा हवा.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागू लागला आणि हँडलवरचे त्याचे बटण गेले. पूर्वी मिस्त्री ८६ ची वायर हेडलाइटच्या वायरला जोडत. आज तीच जोडणी केली, तर जादा दिवे भर दुपारीही पेटलेले राहतात. म्हणून फॉग लाइटच्या रिलेला चावी फिरवल्यावरच मिळणारा पुरवठा आणि त्यावर स्वतंत्र बटण द्यावे लागते.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आणले आणि नियमबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या. दिवा बसवून झाल्यावर गाडी अंगणात सरळ उभी करून, ८ मीटर पुढे जाऊन, दीड मीटर उंचीवरून त्याच्याकडे पाहण्याला मात्र काहीही खर्च येत नाही.