इन्सुलिन : घरगुती साठवण व हाताळणी

मधुमेहींना टोचून घ्यावे लागणारे इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे अतिउष्णता, गोठण व थेट सूर्यप्रकाश यांनी त्याची परिणामकारकता घटते. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे ते प्रथम एका मधुमेही मुलाला टोचण्यात आले.

न उघडलेली कुपी २° ते ८° से. तापमानाला ठेवावी, वापरातील कुपी किंवा इन्सुलिन टोचण्याचे पेन खोलीच्या तापमानाला (सामान्यतः २५° ते ३०° से.पर्यंत) सु. ४ आठवडे ठेवण्यास बहुतेक उत्पादक मुभा देतात. ही मर्यादा कितपत काटेकोर मानावी याविषयी मतभेद आहेत. केन्यातील दादाब निर्वासित छावणीतल्या घरांत आढळलेले २५° ते ३७° से. दरम्यानचे चढउतार प्रयोगशाळेत घडवून केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ आठवड्यांनंतरही इन्सुलिनची परिणामकारकता टिकून राहिल्याचे दिसले. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यानुसार मानवी इन्सुलिनच्या (मानवी शरीरातील इन्सुलिनसारख्याच रचनेच्या औषधाच्या) न उघडलेल्या कुप्या २५° से.ला ६ महिने व ३७° से.ला २ महिने टिकू शकतात. तथापि फ्रीज असलेल्या घरी वेष्टनावरील सूचनाच प्रमाण मानणे अधिक सुरक्षित होय. वरील निष्कर्षांचे खरे मोल फ्रीज नसलेल्या घरांसाठी आहे.

अशा घरांत एका मडक्यात दुसरे मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरतात व आतल्या मडक्यात बंद डबीत कुपी ठेवतात. बाष्पीभवनावर चालणारी ही युक्ती विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली साधते, कोकणातील दमट हवेत मात्र कमी. मडक्यात २° ते ८° से. तापमान मिळत नाही, परंतु कडक उन्हाळ्यातील झळ टळते.

गोठण हा अधिक दुर्लक्षित धोका आहे. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेली कुपी गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी वापरू नये. दुधाळ इन्सुलिन टोचण्यापूर्वी तळव्यांमध्ये हलकेच घोळवून एकजीव करावे. त्यात गुठळ्या राहिल्यास, तसेच स्वच्छ इन्सुलिन गढूळ झाल्यास, ते टाकून द्यावे.

भारतात मिलिलिटरला ४० व १०० एककांच्या अशा दोन्ही तीव्रतेच्या कुप्या मिळतात. त्यांच्या सिरिंजांची टोपणे अनुक्रमे लाल व नारिंगी असतात. १०० एककांचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरल्यास मात्रा अडीचपट होते व रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकावी. घनकचरा नियम, २०१६ मध्ये अशा सुयांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती.