विमानाचे भूसंचलन व मार्गचूक

विमानतळावर एप्रनपासून, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेपासून, धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यानंतर धावपट्टीपासून एप्रनपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनांच्या बळावर जमिनीवरून जे अंतर कापते, त्याला भूसंचलन किंवा रूढ भाषेत टॅक्सी करणे म्हणतात. या वाटचालीत वळण चुकणे, भलत्या टॅक्सीवेवर (एप्रन व धावपट्टी जोडणाऱ्या वाटेवर) जाणे, परवानगीविना धावपट्टीवर शिरणे किंवा चुकीच्या पट्टीवरून उड्डाण सुरू करणे, या सर्व मार्गचुकाच होत. त्यांपैकी धावपट्टीच्या संरक्षित क्षेत्रात विमान, वाहन अथवा व्यक्ती चुकीने असण्याला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ‘रनवे इन्कर्जन’ अशी संज्ञा दिली आहे. ही व्याख्या उपयुक्त असली तरी अपुरी आहे, कारण टॅक्सीवेलाच धावपट्टी समजून विमान दामटल्यास ती घटना तिच्या चौकटीत बसत नाही.

वैमानिकाला वाट दाखविण्यासाठी खुणांची एक ठरलेली भाषा असते. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीवेच्या कडेचे निळे आणि त्याच्या मध्यरेषेचे हिरवे असतात. आपण कोठे आहोत हे काळ्या फलकावरील पिवळी अक्षरे सांगतात, तर पिवळ्या फलकावरील काळी अक्षरे पुढची दिशा दाखवितात. लाल फलकावर पांढरी अक्षरे असतील, तर परवानगीशिवाय पुढे जायचे नसते. त्याच ठिकाणी जमिनीवर दोन सलग व दोन तुटक पिवळ्या रेषा आखलेल्या असतात. धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून ठरतो. मुंबईची मुख्य धावपट्टी एका टोकाकडून 09, तर दुसऱ्या टोकाकडून 27 म्हणून ओळखली जाते, याचे कारण हेच.

दाट धुक्यात ही भाषा वाचता येत नाही, आणि ती नकाशाशी जुळत नसेल तर वाचूनही उपयोग होत नाही. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी सकाळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. पश्चिमेकडील एप्रनवरून निघालेल्या एका छोट्या सेसना जेट विमानाला उत्तरेकडून, म्हणजे आर-5 या टॅक्सीवेने, जाण्यास सांगण्यात आले होते. ते मात्र आर-6 वर वळले आणि थेट मुख्य धावपट्टीकडे निघाले. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखविताना आर-5 हे नाव उच्चारले, पण ‘उत्तर’ हा शब्द गाळला, आणि ही चूक कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे त्याने जमिनीवर रंगविलेली एस-4 ही खूण पाहून ती नियंत्रकाला कळविली. परंतु ती खूण नियंत्रकाजवळच्या नकाशावर नव्हतीच, त्यामुळे विमान नेमके कोठे आहे हे सांगणारा तो एकमेव पुरावा वाया गेला. जुने भूरडार काढून टाकलेले होते आणि नवे सुरू झालेले नव्हते. उड्डाणासाठी वेगात धावणारे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-87 विमान सेसनावर आदळले आणि पुढे सामान हाताळणीच्या इमारतीत घुसले. दोन्ही विमानांतील 114 आणि जमिनीवरील 4 अशा 118 व्यक्ती मरण पावल्या. वाट चुकली ती वैमानिकाची हे खरे. पण ती चूक पकडणारी कोणतीही यंत्रणा त्या सकाळी विमानतळावर जागी नव्हती.

सूचना जशीच्या तशी परत म्हणणे, म्हणजे रीडबॅक, हा बिनतारी संभाषणाचा कणा मानला जातो. त्याने शब्द ऐकू आले एवढेच सिद्ध होते. अर्थ कोणता लागला, ते नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळावर 2 जानेवारी 2024 रोजी भूकंपग्रस्तांसाठी मदतसाहित्य नेणाऱ्या जपानी तटरक्षक दलाच्या विमानाने धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत जाण्याची सूचना बरोबर परत म्हटली होती. तरीही ते धावपट्टीवर जाऊन उभे राहिले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-350 त्यावर धडकले. तटरक्षक दलाच्या सहा जणांपैकी पाच मरण पावले. एअरबसमधील सर्व 379 जण जळत्या विमानातून बाहेर पडले.

चुकीच्या पट्टीचा प्रकार वेगळा आहे. 27 ऑगस्ट 2006 रोजी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे पहाटेच्या अंधारात कॉमएअरच्या विमानाने 22 क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी 26 वरून धाव घेतली. ती पट्टी सुमारे 3,500 फूट लांब, म्हणजे मुख्य पट्टीच्या निम्मीच होती. पट्टीवर दिवे नाहीत, हे वैमानिकांच्या बोलण्यात आले. होकायंत्रही सुमारे 40 अंशांचा फरक दाखवीत होते. पण आपण योग्य जागी आहोत हे मनाने आधीच ठरविले की डोळ्यांना दिसणारा विरोधी पुरावा किरकोळ वाटू लागतो. विमानातील 50 पैकी 49 जण दगावले. ऑगस्ट 2018 मध्ये रियाधहून मुंबईला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाने रात्री समांतर टॅक्सीवेवरूनच उड्डाणाचा प्रयत्न केला. ते वेळीच आवरल्याने जीवितहानी टळली.

उपायांपैकी सर्वांत साधा उपाय ‘स्टॉप बार’ हा आहे. धावपट्टीच्या तोंडाशी आडव्या ओळीत बसविलेले हे लाल दिवे नियंत्रकाने विझविल्याशिवाय, तोंडी परवानगी मिळाली तरी, ओलांडायचे नसतात. अर्थात दिवे चालू स्थितीत असले तरच त्यांचा उपयोग. हानेदाच्या त्या प्रवेशमार्गावरील स्टॉप बार त्या वेळी बंद होते. स्पेनच्या तेनेरीफे बेटावर 1977 मध्ये दोन बोइंग 747 विमानांच्या टकरीत 583 जण मृत्युमुखी पडल्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरण्याचा दंडक पडला. गोंधळाच्या जागा नकाशावर ‘हॉट स्पॉट’ म्हणून वर्तुळाने दाखविल्या जातात. मुंबईसारख्या विमानतळावर, जेथे 09/27 व 14/32 या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तेथे एका पट्टीवरील चूक दुसरीलाही भोवू शकते. त्यामुळे तेथे साधारणपणे एका वेळी एकच पट्टी वापरात असते आणि दिवसभरातील नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा तिच्यावरूनच होते.