समक्षेत्र जगनकाशे: ताण कुठे ढकलायचा?

काटोल-नरखेड पट्ट्यातल्या १०० हेक्टर संत्राबागेची हद्द वेब मर्केटरवर (ऑनलाइन नकाशांत वापरला जाणारा मर्केटरचा प्रकार) आखून त्याच सपाट प्रतलावर क्षेत्रफळ काढले, तर उत्तर जवळपास ११६ हेक्टर येते. हद्द बरोबर असते, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत, त्या कामाचे नसते. मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा रचला तो दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरलेला मार्ग सरळ रेषेत यावा, म्हणून पूर्व-पश्चिम जेवढा ताण बसतो तेवढाच त्याने उत्तर-दक्षिणही दिला. परिणामी ६० अंशांवर क्षेत्रफळ चौपट होते. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे, पण या नकाशात दोन्ही बरोबरीचे वाटतात.

लॅम्बर्टने १७७२ मध्ये उलट केले: पूर्व-पश्चिम जेवढे ताणले जाते, त्याच प्रमाणात उत्तर-दक्षिण दाबायचे. दोन्ही प्रमाणांचा गुणाकार १ राहिला की क्षेत्रफळ टिकते, म्हणजे नकाशा समक्षेत्र होतो, आकार मात्र बिघडतो. गोल न ताणता सपाट होतच नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले.

मोलवाइडेने (१८०५) जग लंबवर्तुळात बसवले. त्यात कडेचे देश तिरके होतात. गुडने १९२३ मध्ये ४०°४४′ अक्षवृत्तापर्यंत सायनुसॉइडल (आणखी एक समक्षेत्र प्रक्षेपण) आणि पलीकडे मोलवाइडे जोडून महासागर चिरले. पिके, माती, जंगले दाखवायला याहून चांगले क्वचितच काही सापडेल. सागरी प्रवाहांसाठी मात्र ते वापरू नये.

सर्वाधिक वाद झाला गॉल-पीटर्स प्रक्षेपणावर. गॉलने ते १८५५ मध्येच मांडले होते, पीटर्सने १९७३ मध्ये नवे म्हणून पुढे आणले. त्याचे प्रमाण अक्षवृत्त, म्हणजे जिथे आकार बिघडत नाही ते अक्षवृत्त, ४५° आहे. त्यामुळे नागपूरच्या २१°०९′ वर पूर्व-पश्चिम प्रमाण ०.७६ आणि उत्तर-दक्षिण १.३२ पडते; वर्तुळ पावणेदोन पट उभट होते. बेहरमानने १९१० मध्ये ३०° निवडले होते. तिथे हेच गुणोत्तर १.१६ येते. भारतासाठी ही निवड सरस ठरते.

२०१८ च्या इक्वल अर्थ या समक्षेत्र प्रक्षेपणामध्ये कडा वक्र आहेत, ध्रुव विषुववृत्ताच्या ०.५९ लांबीची रेघ होतो. नकाशा-सॉफ्टवेअरमधला त्याचा ८८५७ हा ईपीएसजी संकेतांक ग्रीनिच मध्यावर धरतो, म्हणून ७९° पूर्वेचे नागपूर किंचित कलते. मध्य ८०° पूर्वेला नेला की भारत ताठ होतो, पण नकाशाची कड १००° पश्चिमेवर जाऊन उत्तर अमेरिका दुभंगते. तिथले बहुभुज (प्रदेशांच्या हद्दींचे बंदिस्त आकार) आधी कापले नाहीत, तर नकाशाभर आडवे पट्टे उमटतात. ११° पूर्व मध्य ठेवल्यास कड बेरिंगच्या सामुद्रधुनीतून जाते आणि कापाकापी जवळपास टळते.