कॅसिनोतील व्हीआयपी होस्टशी घासाघीस (ऑस्ट्रेलिया)

मोठ्या रकमेचा जुगार खेळणारा गिऱ्हाईक आणि त्याच्या सरबराईसाठी कॅसिनोने नेमलेला कर्मचारी यांच्यात होणारी सौद्याची बोलणी. या कर्मचाऱ्याला ‘होस्ट’ म्हणतात. खोली, विमानभाडे आणि जेवणखाण हा या बोलण्यांचा वरवरचा भाग. एका डावावर जास्तीत जास्त किती लावता येईल, हरलेल्या रकमेतले किती टक्के परत मिळतील, हिशेब किती दिवसांनी मिटवायचा आणि पैसे कोणत्या खात्यातून यायचे, हे खरे मुद्दे. ऑस्ट्रेलियात ही प्रथा मेलबर्न आणि पर्थ येथील क्राउन आणि सिडनीतील द स्टार या कॅसिनोंच्या खासगी दालनांत वाढली. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाने, तिच्यावर २०१३ साली दिलेला निकाल हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

होस्टची भूमिका

होस्ट हा विक्री विभागातला माणूस. गिऱ्हाइकाचा वाढदिवस, मुलांची नावे, आवडती वाइन, कोणत्या टेबलावर बसायला आवडते, हरल्यावर तो चिडतो की गप्प होतो, हे सगळे त्याला माहीत असते. रात्री दोन वाजताही तो फोन उचलतो. अनेक होस्टना गिऱ्हाइकाबद्दल खरोखर जिव्हाळा वाटतो आणि तो नाटकी असतो असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या कामाचे मोजमाप आणलेल्या खेळावर, म्हणजे उलाढालीवर (लावलेल्या एकूण रकमेवर), होते. खेळणारा थांबला की होस्टचा आकडा खाली येतो. ही गाठ लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

होस्टला स्वतःच्या अधिकारात देता येते ते थोडेच: खोलीचा दर्जा, जेवण, सामन्यांची तिकिटे, गाडी. रिबेटचा (खेळाडूला परत मिळणाऱ्या रकमेचा) दर, डावाची कमाल मर्यादा किंवा खासगी विमान यांसाठी त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. ‘वर विचारून सांगतो’ हे उत्तर म्हणून अनेकदा खरे असते, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईक खेळत राहिला तर तेही कॅसिनोच्या फायद्याचेच.

सौद्यामागचे गणित

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक आकडा दडलेला असतो. त्याला धंद्यात ‘थिओ’ म्हणतात, म्हणजे या खेळाडूने सरासरीने किती हरावे याचा अंदाज. डावाची सरासरी रक्कम, तासाला होणारे डाव, खेळाचे तास आणि कॅसिनोचा टक्का (लावलेल्या रकमेतला सरासरीने कॅसिनोकडे राहणारा हिस्सा) यांचा गुणाकार केला की तो मिळतो. मोठे जुगारी बहुतांशी बाकारा हा पत्त्यांचा खेळ खेळतात. ‘बँकर’ आणि ‘प्लेयर’ या त्यातल्या दोन बाजू. त्यात ‘बँकर’वर लावल्यास कॅसिनोचा टक्का सुमारे १.०६ आणि ‘प्लेयर’वर लावल्यास सुमारे १.२४ असतो. ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, लावणाऱ्याला मात्र १४ टक्क्यांहून अधिक भुर्दंड पडतो.

समजा, एखादा खेळाडू डावाला १०,००० डॉलर लावतो. तासाला ७० डाव, रोज चार तास, असा तीन दिवस खेळतो. डाव झाले ८४०, उलाढाल ८४ लाख डॉलर आणि १.२ टक्क्याने थिओ सुमारे एक लाख डॉलर. होस्ट जे काही देऊ करतो ते या लाखातूनच निघते. ‘फुकट’ मिळालेल्या पेंटहाउसची किंमत त्यात आधीच धरलेली असते. म्हणून जाणते खेळाडू खोलीवर वाद घालत नाहीत, टक्क्यांवर घालतात.

प्रत्यक्षात मात्र कोणी नेमके एक लाख हरत नाही. वरच्या उदाहरणात नशिबाचा नेहमीचा हेलकावा पावणेतीन लाखांच्या आसपास निघतो, म्हणजे तीन दिवसांनी खेळाडू पावणेदोन लाख जिंकून किंवा पावणेचार लाख हरून उठला तरी त्यात विशेष काही नाही. हरलेल्या रकमेवरच्या रिबेटला वजन येते ते या हेलकाव्यामुळे. रिबेट फक्त हरल्यावर मिळतो आणि जिंकलेले सगळे खेळाडूकडे राहते. २० टक्के रिबेट ठरला असेल, तर ८४० डावांच्या शेवटी हिशेब करताना कॅसिनोला तो सरासरीने ३३,००० डॉलरला पडतो, म्हणजे थिओच्या एक तृतीयांशाला. तोच हिशेब २१० डावांनंतर केला तर थिओचा निम्म्याहून अधिक भाग रिबेटमध्ये जातो. आणि ५० डावांनंतर केला तर कॅसिनोचा टक्का जवळजवळ पुसला जातो.

म्हणून टक्का किती, यापेक्षा हिशेब कधी, हा प्रश्न मोठा. कॅसिनोचा करार किमान डावांची किंवा किमान उलाढालीची अट घालतो, सलग भेटींचा हिशेब एकत्र धरतो आणि ‘ट्रिप’ संपली असे कधी म्हणायचे ते स्वतःच्या हातात ठेवतो. खेळाडू मोठ्या टक्क्यावर खूश होऊन ही कलमे न वाचता सही करतो, तेव्हा त्याने मिळवलेले बहुतेक सगळे तिथेच परत जाते. रिबेटचा दुसरा प्रकार उलाढालीवरच्या कमिशनचा. खेळाडू खास चिप्स (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घेतो. त्या थेट रोखीत बदलता येत नाहीत, त्या लावाव्याच लागतात, आणि किती चिप्स फिरल्या यावर कमिशन ठरते. यात जिंकणाऱ्यालाही काही मिळते, पण जास्त खेळण्याची ओढ करारातच विणलेली असते.

गणिताच्या बाजूने ही घासाघीस टोकाला नेल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. डॉन जॉन्सन हा घोड्यांच्या शर्यतींवर संगणकाच्या मदतीने पैसे लावणाऱ्या व्यवसायातला माणूस. २०१०-११ च्या सुमारास अटलांटिक सिटीतील कॅसिनो मंदीने गांजले होते. त्याने त्यांच्याकडून मोठ्या नुकसानीवर २० टक्के सूट आणि ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचे अनेक अनुकूल नियम मान्य करून घेतले आणि तीन कॅसिनोंकडून मिळून सुमारे दीड कोटी अमेरिकी डॉलर जिंकले. त्याने पत्ते मोजले नाहीत की फसवणूक केली नाही. ज्या कराराचे गणित आपल्या बाजूने झुकले आहे तोच त्याने स्वीकारला. अशी माणसे फार थोडी. बाकीच्यांची घासाघीस नुकसान किती स्वस्तात पदरात पडेल एवढ्यापुरती असते, आणि हे तोंडावर सांगणारा होस्ट भेटत नाही.

ऑस्ट्रेलियातील वाढ

देशातला पहिला कायदेशीर कॅसिनो होबार्टचा रेस्ट पॉइंट, १९७३ चा. मेलबर्नला यारा नदीकाठी क्राउन १९९४ मध्ये तात्पुरत्या जागेत सुरू झाला आणि १९९७ मध्ये आजच्या भव्य वास्तूत आला. १९९९ मध्ये तो केरी पॅकर यांच्या कंपनीकडे गेला. १९७७ ची बंडखोर क्रिकेट मालिका भरवणारे म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतो तेच हे पॅकर. ते स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या जुगाऱ्यांपैकी एक होते. क्राउन ताब्यात आले त्याच वर्षी लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये तीन आठवड्यांत सुमारे १.१ कोटी पौंड हरल्याच्या बातम्या त्यांच्याबद्दल आल्या. होस्टच्या समोरची खुर्ची आणि कॅसिनोमालकाची खुर्ची, दोन्ही ठाऊक असलेला असा माणूस विरळाच.

ऑस्ट्रेलियन खेळाडूच्या सौद्याला दोन स्थानिक कंगोरे आहेत. हौशी जुगाऱ्याच्या जिंकण्यावर तिथे प्राप्तिकर नाही, त्यामुळे करानंतर हाती काय उरेल हा हिशेब बोलण्यांत येत नाही. दुसरे असे, की व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्यात आहे त्या राज्याच्या, कायद्याने कॅसिनोला देशातल्या रहिवाशाला उधारीवर खेळू देता येत नाही. परदेशी पाहुण्याला उधारीवर मिळणाऱ्या चिप्स स्थानिकाला मिळत नाहीत. त्याला पैसे आधी जमा करावे लागतात किंवा धनादेश वटवण्याची सोय मागावी लागते. ही सोय किती रकमेची आणि धनादेश बँकेत कधी टाकायचा, यावरही बोलणी होत.

परदेशी, विशेषतः चिनी, खेळाडू आणण्याचे काम ‘जंकेट’ चालवणारे दलाल करत. ते खेळाडूला पत देत, वसुली करत आणि कॅसिनोकडून कमिशन घेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये चीनने क्राउनच्या १९ आजीमाजी कर्मचाऱ्यांना जुगाराचा प्रचार केल्यावरून पकडले आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी बहुतेकांना तुरुंगवास झाला. या धंद्यातली जोखीम सर्वांत आधी पगारी माणसांच्या अंगावर आली, ही गोष्ट वातानुकूलित दालनांच्या वर्णनात हरवू नये.

काकावास खटला

हॅरी काकावास हा गोल्ड कोस्टचा मालमत्ता व्यावसायिक. नव्वदच्या दशकात त्याने क्राउनमध्ये स्वतःवर प्रवेशबंदी घालून घेतली होती. तो लास वेगासमध्ये मोठ्या रकमा खेळतो, हे २००४ च्या अखेरीस क्राउनला कळले आणि त्याला परत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. जून २००५ ते ऑगस्ट २००६ या काळात त्याची बाकारातील उलाढाल १४७.९ कोटी डॉलर झाली. डावाची मर्यादा तीन लाख डॉलरपर्यंत गेली होती. त्यात तो २.०५ कोटी डॉलर हरला. या काळात त्याला नुकसानीवर रिबेट, ने-आण करायला क्राउनचे खासगी विमान आणि खेळ सुरू करायला ‘लकी मनी’ नावाने रोख रक्कम मिळत असे.

पुढे त्याने दावा लावला. आपल्याला जुगाराचे व्यसन आहे, क्राउनला ते ठाऊक होते आणि आमिषे दाखवून आपल्या दुबळेपणाचा फायदा घेतला गेला, असे त्याचे म्हणणे होते. व्हिक्टोरियाच्या न्यायालयांत तो दोनदा हरला आणि ५ जून २०१३ रोजी हायकोर्टानेही अपील फेटाळले. निकालातला गाभ्याचा मुद्दा घासाघिशीचा आहे. स्वतःला हव्या त्या अटी मिळवण्यासाठी हा माणूस वाटाघाटी करत होता, अटी पटल्या नाहीत तर खेळायचे टाळत होता, म्हणजे स्वतःच्या हिताचा निर्णय घेण्याची त्याची क्षमता शाबूत होती, असे न्यायालयाने पाहिले. क्राउनला त्याच्या अवस्थेची प्रत्यक्ष जाणीव होती, हे सिद्ध झाले नाही. आणि ‘जाणीव असायला हवी होती’ एवढे पुरेसे ठरले नाही.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्याजोगा आहे. कोट्यवधींची उलाढाल करणारा व्यावसायिक आणि फसवला गेलेला निरक्षर म्हातारा यांना एका मापाने मोजता येत नाही. पण व्यसनाबद्दलची त्यातली समज अपुरी आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. व्यसनी माणूस टक्क्यांवर तासन्‌तास हुशारीने भांडू शकतो. त्याला जमत नाही ते फक्त टेबलावरून उठणे. पुढच्या फेरीच्या अटी ठरवण्यातच व्यसन स्वतःला शहाणपणाचा वेष देते, आणि होस्टचे सगळे कसब त्या वेषाला मान देण्यात असते. या निकालानंतर ऑस्ट्रेलियन जुगाऱ्याची अवस्था अशी झाली, की तो सौदा जितका चांगला करील तितका त्याचा कोर्टातला दावा कच्चा ठरेल.

चौकश्या आणि निर्बंध

या व्यवस्थेला धक्का दिला तो मनी लाँडरिंगच्या चौकश्यांनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्स (सिडनीचे राज्य) येथील चौकशीच्या प्रमुख पॅट्रिशिया बर्गिन यांच्या अहवालाने क्राउनला सिडनीतील परवान्यासाठी अपात्र ठरवले. पाठोपाठ व्हिक्टोरियात रे फिंकेलस्टाइन यांच्या आयोगाने तसाच निष्कर्ष काढला, तरी परवाना रद्द न करता विशेष देखरेखीखाली कॅसिनो चालू ठेवण्यात आला. २०२२ मध्ये अ‍ॅडम बेल यांच्या पाहणीने द स्टारलाही अपात्र ठरवले. तिथे जुगारासाठीचे पैसे चिनी बँक कार्डांवर हॉटेलचा खर्च म्हणून दाखवले जात होते. स्टारला दहा कोटी डॉलर दंड झाला आणि पुढे २०२३ मध्ये क्राउनला ४५ कोटी. न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरियात जंकेटवर बंदी आली.

आता होस्टला ‘पैसे कुठून आले’ हा प्रश्न सौद्याआधी विचारावा लागतो. पूर्वी हा प्रश्न विचारणे पाहुण्याचा अपमान समजला जाई. मोठ्या खेळाडूला उत्पन्नाचे पुरावे द्यावे लागतात, खेळ कार्डावर नोंदवला जातो, आणि गुप्तता ही एकेकाळची सर्वांत मोलाची सवलत देणे होस्टच्या हाती उरलेले नाही. क्राउनच्या तेजीच्या दिवसांत विमान मागणाऱ्याला विमान मिळे. आज त्याला आधी बँकेची विवरणपत्रे काढावी लागतात.

ऑनलाइन व्हीआयपी व्यवस्थापक

ऑनलाइन कॅसिनो चालवण्यास २००१ च्या कायद्याने मनाई आहे, पण शर्यती व सामन्यांवरचे ऑनलाइन बेटिंग कायदेशीर आहे. होस्टची भूमिका तिथे ‘व्हीआयपी मॅनेजर’ने घेतली. विमानाऐवजी बोनस बेट (कंपनीने फुकट दिलेली बाजी), सामन्याच्या खास जागा आणि सतत येणारे संदेश ही त्याची साधने. यात घासाघीसही उरत नाही. गिऱ्हाईक काही दिवस गप्प राहिला की मॅनेजर आपण होऊन बोनस पाठवतो. पीटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने जून २०२३ मध्ये अशा सर्व आमिषांवर बंदीची शिफारस केली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला ‘बेटस्टॉप’ ही राष्ट्रीय स्व-बंदी नोंदवही सुरू झाली. किमान तीन महिने ते आयुष्यभर, अशा मुदतीसाठी नाव नोंदवलेल्या व्यक्तीचे खाते परवानाधारक कंपनीला उघडता येत नाही आणि तिला जाहिरातीचा संदेशही पाठवता येत नाही. ही नोंदवही ऑनलाइन व फोनवरच्या बेटिंगपुरती आहे. कॅसिनोच्या दारावरची बंदी अजून राज्याराज्यांच्या कायद्यांनुसार स्वतंत्रपणे घ्यावी लागते.