एन्काची राणी, पण पहिले गाणे बूगी-वूगी

जपानमध्ये गायिका मिसोरा हिबारीला एन्काची, म्हणजे जुन्या वळणाच्या भावुक गाण्यांची, राणी म्हणतात. तिची पहिली रेकॉर्ड कोलंबिया कंपनीने १९४९ मध्ये काढली, तेव्हा ती १२ वर्षांची होती. गाणे होते 'काप्पा बूगी-वूगी'. युद्धानंतरच्या जपानला बूगी या उडत्या अमेरिकी नाचगाण्याने झपाटले होते आणि या पोरीचा आवाज त्यातूनच लोकांच्या कानी पडला. दारूच्या पेल्यापाशी एकटीने रडणारे 'कानाशी साके', ज्यामुळे ती एन्काची राणी वाटते, ते आले थेट १९६६ मध्ये. हा उलटा प्रवास समजून घ्यायचा तर 'एन्का' हा शब्दच आधी उलगडावा लागतो.

शब्द जुना आहे, अर्थ मात्र आजचा नाही. १८८० च्या दशकात मेइजी सरकारविरुद्ध लोकहक्कांची चळवळ पेटली. सभा-भाषणांवर निर्बंध आले, तसे कार्यकर्ते आपले म्हणणे गाऊन सांगू लागले. 'एन' म्हणजे भाषण, 'का' म्हणजे गाणे. 'डायनामाइट-बुशी' हे त्यातले गाजलेले गाणे. पुढे चळवळ ओसरली आणि रस्त्यावर व्हायोलिन वाजवत गाणारे, गाण्यांच्या छापील पुस्तिका विकणारे 'एन्काशी' उरले. ग्रामोफोन आल्यावर तेही मागे पडले.

सूर मात्र टिकले. १९३१-३२ मध्ये संगीतकार कोगा मासाओने बांधलेल्या चालींनी पुढच्या एन्काचा पाया घातला. या संगीतात चौथा आणि सातवा स्वर गाळलेली पाच स्वरांची मांडणी असते. तिचे शुद्ध रूप ऐकताना आपल्याला भूप आठवतो. दुःखी गाण्यांत गंधार आणि धैवत कोमल होतात. पण त्या काळी या गाण्यांना एन्का म्हणत नसत. ती नुसती लोकप्रिय गाणी होती.

साठच्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवाले तरुण गट आले, १९६६ मध्ये बीटल्स टोकियोच्या बुदोकान सभागृहात गाऊन गेले, आणि जुन्या वळणाच्या गाण्यांना वेगळे नाव देण्याची गरज पडली. एन्का हा शब्द नव्या अर्थाने रुळला तो तेव्हा.

या नव्या अर्थाला चेहरा दिला फुजी केइकोने. आईवडील दोघेही रोक्योकू हे कथागायन करत गावोगाव फिरणारे. लहानपण होक्काइदोतल्या आसाहिकावात गेलेले. सप्टेंबर १९६९ मध्ये, १८ व्या वर्षी, तिचे पहिले गाणे आले, 'शिंजुकू नो ओन्ना', म्हणजे टोकियोतल्या शिंजुकू भागातली बाई. पुरुषाने फसवलेली, स्वतःलाच वेडी म्हणणारी रात्रीच्या वस्तीतली बाई, आणि ते गाणारी पांढरी गिटार घेतलेली, न हसणारी मुलगी. त्या खरखरीत, खोल आवाजात वयाचा मागमूस नव्हता. १९७० मध्ये त्याच नावाचा अल्बम ओरिकॉनच्या विक्रीच्या यादीत २० आठवडे पहिला राहिला आणि लगेच तिचाच दुसरा अल्बम १७ आठवडे. सलग ३७ आठवडे! माझ्या मते पदार्पणाच्या गाण्यातच गायिका आणि तिचे जग इतके पूर्ण उतरल्याचे दुसरे उदाहरण एन्कात नाही.

कारण बहुतेकांचे पहिले गाणे त्यांच्या नावाशी जुळतच नाही. शिबुयाच्या बारमधून गिटार घेऊन फिरणाऱ्या किताजिमा साबुरोचे पहिले गाणे 'बुंगाचा-बुशी' (१९६२) अश्लील ठरवून प्रसारणातून काढले गेले. त्याच वर्षीच्या 'नामिदा-बुने'ने त्याला तारले. इशिकावा सायुरी १९७३ मध्ये 'काकुरेन्बो' म्हणजे लपंडाव गात आयडॉल, म्हणजे किशोरवयीन पॉप तारका, म्हणून आली. त्सुगारूच्या सामुद्रधुनीवरचे तिचे अजरामर गाणे १९७७ चे. इत्सुकी हिरोशीची कथा तर जिवाला चटका लावते. १९६५ मध्ये तो मात्सुयामा मासारू या नावाने आला, चालला नाही. आणखी दोन नावे घेतली, तीही चालली नाहीत. मग टीव्हीवरच्या गायनस्पर्धेत सलग दहा आठवडे जिंकून त्याने पुन्हा रेकॉर्ड काढण्याचा हक्क मिळवला आणि १९७१ मध्ये चौथ्या नावाने 'योकोहामा तासोगारे' गायला. लोकांच्या लेखी त्याचा जन्म तिथला.

पहिल्या गाण्यासाठी गायकाने स्वतः राबायचे ही रीतही एन्काने जपली आहे. रेकॉर्डच्या दुकानासमोर, बाजारपेठेत, पेटीवर उभे राहून गायचे, हात जोडायचे, एकेक प्रत विकायची. याला ते 'कॅम्पेन' म्हणतात.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा जेरो आला. हिप-हॉपचे कपडे, टोपी, आणि ओठांवर 'उमियुकी', इझुमोझाकीच्या समुद्रावर पडणाऱ्या बर्फात उभ्या असलेल्या स्त्रीचे गाणे. एन्का गायकाचे पहिलेच गाणे ओरिकॉनमध्ये थेट चौथ्या क्रमांकावर उतरले. हे संगीत त्याला जपानी आजीने शिकवले होते. त्याच वर्षअखेर तो जपानच्या एनएचके वाहिनीच्या कोहाकु या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात हेच गाणे गायला. ते पाहायला आजी हयात नव्हती.